चिठ्ठीशिवाय मिळणार नाही

मामांनी मला आयुष्यात एकदाच चहा पाजला आणि त्याचीही चिठ्ठी माझ्याकडून लिहून घेतली. वस्तू: चहा. नग: एक. कारण: डोकं दुखतंय. चिठ्ठी वाचून ते म्हणाले, डोकं दुखणं हे कारण नव्हे, ते कशानं दुखतंय ते लिही. मी 'क्रेडिट कार्डाचं बिल' असं लिहिलं, तेव्हा कुठे त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं. चहा अर्धाच कप दिला. उरलेला अर्धा बिल भरल्यावर मिळेल, असं सांगितलं.

रांजणगावच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीत होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका मोजण्याचा पगार घेत होतो. मामा तिथले स्टोअरकीपर, सगळ्या कंपनीचेच मामा. मशीन शॉपच्या एका टोकाला जाळीच्या आत त्यांचं राज्य होतं. जाळीला हातभर खिडकी आणि खिडकीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी: 'चिठ्ठीशिवाय मिळणार नाही'. हातमोजे हवेत, ड्रिलचं बिट हवं, पुसायला चिंध्या हव्यात, तरी मागणीची चिठ्ठी भरायची, सुपरवायझरची सही आणायची आणि जुनी, झिजलेली वस्तू खिडकीवर ठेवायची. जुनं जमा झाल्याशिवाय नवं बाहेर पडत नसे. एकदा प्लांटचे मोठे साहेब स्वतः हातमोजे मागायला आले. मामांनी विचारलं, जुने कुठायत? साहेब म्हणाले, फेकले. मामा म्हणाले, कुठं फेकले ते बघून या. साहेब हसत हसत निघाले, पण कचऱ्याच्या ड्रमापर्यंत गेले आणि वाकले, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

मामा अंगाने वाळकुडे होते. कंपनीने दिलेला शर्ट त्यांच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा. केडगावहून कंपनीच्या बसने यायचे, नेहमी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, कारण तिथली गादी कमी झिजली होती. बोलणं मोजकं आणि तेही बहुतेक प्रश्नार्थक. 'गरज हाय का?' आणि 'गरज हाय तर काल कसं भागलं?' या दोन प्रश्नांवर त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. रिटायर झाले तेव्हा कंपनीने त्यांना चाकांची बॅग भेट दिली. सगळे टाळ्या वाजवत असताना मामा उठून गेले आणि घरून आणलेली जुनी, चेन तुटलेली बॅग घेऊन आले. ती त्यांनी एचआरच्या मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि पोच मागितली. मॅडमना वाटलं, मामांना गहिवरून आलंय. त्यांनी रुमाल पुढे केला. मामांनी रुमालही घेतला नाही, कारण बदली द्यायला त्यांच्याकडे जुना रुमाल नव्हता.

हा माणूस आमच्या कंपनीतल्या कर्जबाजाऱ्यांचा तारणहार होता, असं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल. आम्हालाही कधी कधी वाटायचं. पण पगार सातला जमा होऊन आठला नाहीसा होणाऱ्यांची आमच्याकडे कमतरता नव्हती. हातात पंचवीस हजार आणि फोन चाळीस हजारांचा, असे वीर प्रत्येक मशीनवर उभे होते. त्यातला एखादा रडकुंडीला आला की दुसरे त्याला जाळीकडे पाठवायचे. मामा आधी त्याचं एटीएम कार्ड ठेवून घ्यायचे. मग फोनमधलं पैसे पाठवायचं ॲप समोर काढून टाकायला लावायचे. पगाराच्या दिवशी त्याच्याबरोबर एटीएमपाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, म्हणजे पिन दिसायला नको. आधी हप्ते, मग भाडं, मग किराणा. उरलेली रक्कम करवतीच्या पात्यांच्या रिकाम्या डब्यांत. प्रत्येक डब्यावर एकाचं नाव. त्या डब्यांतून स्वतःचाच पैसा काढायला आम्ही चिठ्ठी भरायचो, आणि अर्थात जुनी वस्तू जमा करायचो. टूथब्रश हवा, जुना दाखव. मामा तो उजेडात धरून दातांनी नव्हे तर डोळ्यांनी घासून बघायचे आणि म्हणायचे, अजून पंधरा दिवस.

उत्तर प्रदेशातला एक वेल्डर होता. त्याला गावी मुलगी बघायला जायचं होतं आणि नवे बूट हवे होते. मामांनी त्याचे जुने बूट उलटे केले, तळ अंगठ्याने दाबला आणि सांगितलं, 'अभी छे महिना चलेगा.' तो काकुळतीला येऊन म्हणाला, मामा, लडकी देखेगी. मामा म्हणाले, 'जूता देखनेवाली लडकी घर में क्या क्या देखेगी, सोच.' त्याने सोच केली की नाही कोण जाणे, पण तो जुन्याच बुटांना पॉलिश करून गेला आणि लग्न ठरवून आला. पुढे त्याची बायको इकडे आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने त्याचे ते बूट फेकून दिले. मामांनी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला.

कँटीनच्या दाराशी पगाराच्या आठवड्यात क्रेडिट कार्डं विकणाऱ्यांचं टेबल लागायचं. टाय घातलेली एक मुलगी गोड हसून सगळ्यांना 'सर' म्हणायची, आणि ज्यांना जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं ते तिथल्या तिथे सह्या करायचे. मीही तसाच सर झालो होतो. मामा एकदा त्या टेबलापाशी गेले आणि विचारते झाले, हे कार्ड घेताना जुनं काय जमा करायचं? ती म्हणाली, काहीच नाही सर, अगदी फ्री. मामा मागे वळून रांगेतल्या सगळ्यांना म्हणाले, 'जुनं न मागता नवं देतायत. घोळ हाय.' रांगेतले हसले आणि सह्या करत राहिले.

ते हे सगळं कशासाठी करायचे, याचा मी पुष्कळ विचार केला. एक रुपया त्यांनी कुणाचा घेतला नाही. आमच्याबद्दल त्यांना माया होती, असं म्हणावं, तर आमच्यापैकी निम्म्यांची पूर्ण नावंही त्यांना माहीत नव्हती. खरं कारण मला वाटतं एवढंच की आवक आणि जावक जुळत नाही हे त्यांना बघवत नसे, मग ती बेअरिंगची असो की माणसाची. स्वतःच्या पगारातली पहिली चिठ्ठी ते केडगावच्या ख्रिस्ती देवळात द्यायच्या दशांशाची फाडायचे. आम्ही चिडवायचो, मामा, आमचा चहा बंद करता आणि तिकडे दहावा भाग देता. ते शांतपणे म्हणायचे, 'ते माझं नव्हतंच. माझं नसलेलं माझ्या डब्यात राहिलं तर हिशेब जुळंल का?'

एकदा रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. प्रार्थना उरकून मामा कुणाच्या तरी दशक्रियेला, म्हणजे तिथे जेवणाचा खर्च किती झाला हे बघायला, पाटसला गेले होते. मामींनी मला चहा दिला, कपभर, वर बिस्किटं. मी बिचकून पाहिलं तेव्हा त्या हसल्या आणि आत जाऊन मूठ तुटलेली एक पळी घेऊन आल्या. त्यांच्या घरीही चिठ्ठीचा कायदा होता. नवं भांडं हवं तर जुनं जमा करायचं आणि मामा ते कुलपाच्या कपाटात टाकायचे. कपाटाची मागची फळी निघायची, हे मामांना माहीत नव्हतं. मामी म्हणाल्या, ही एकच पळी मी आतापर्यंत अकरा वेळा जमा केलीय. नव्या पळीचे पैसे दर वेळी बाजूला टाकत गेले, ह्याच पळीवर माझं शिलाई मशीन आलं. हे कुणाला सांगू नको, असं त्या म्हणाल्या आणि मी इतकी वर्षं सांगितलं नाही. आता मामा रिटायर आहेत, सांगायला हरकत नाही.

आता माझं. मी काही पिऊन किंवा जुगार खेळून बुडालो नव्हतो, त्यामुळे मला स्वतःबद्दल बराच आदर होता. शिरूरला भाड्याची खोली, बायको, चार वर्षांची मुलगी. आधी फोन हप्त्यावर, मग ऐकणाऱ्याचे कान किटावेत अशी मोटारसायकल हप्त्यावर, मग तिचे हप्ते भरायला कार्ड आणि कार्ड भरायला फोनमधलं कर्जाचं ॲप. ॲपवाल्यांनी माझ्या फोनमधल्या एकूण एक नंबरांवर फोन केले. सुपरवायझरला, गॅसवाल्याला आणि शाळेतल्या एका मित्राला, ज्याच्याशी मी बारा वर्षं बोललो नव्हतो. त्याने मात्र आपुलकीने चौकशी केली. सासऱ्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये नव्हता, तो बायकोकडेच असायचा. तेवढं एक वाचलं. मग एके दिवशी मी बायकोच्या नकळत तिचं गंठण पतसंस्थेत ठेवून आलो. दोन महिन्यांत सोडवू, असं मी मनाशी म्हटलं होतं. मी मनाशी बोललेल्या गोष्टींची यादी मोठी आहे.

नात्यातल्या एका साखरपुड्याला निघताना तिने दागिन्यांचा डबा उघडला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डब्याचं झाकण लावलं, साडी बदलली, मुलीचे कपडे पिशवीत भरले आणि माहेरी, वडगाव रासाईला निघाली. दारात एवढंच म्हणाली, 'गंठण हातात पडंल तवा यीन. तवर फोन पोरीला करायचा, मला न्हाई.' माहेरी तिने काय सांगितलं हे मला मुलीकडून कळलं. शिरूरचं पाणी पोरीला बाधतंय आणि गंठण लॉकरात आहे. सासरे एकेकाळी मेंढरं राखणारे, आता उसाचे बागायतदार. तालुक्यात लेक चांगल्या नोकरदाराला दिली, हे ते न विचारता सांगत. त्यांच्यासमोर माझी अब्रू तिने झाकून ठेवली होती. ती का झाकली, याचं उत्तर मला तेव्हा तिच्या माझ्यावरच्या प्रेमात सापडलं. मी तेव्हा तसाच होतो.

मी जाळीपाशी गेलो. तो अर्धा चहा त्याच दिवशीचा. मामांनी सगळी देणी एका कागदावर मांडली आणि म्हणाले, मोटारसायकल विक. मी म्हणालो, मामा, ती विकून निम्मेच येतील. ते म्हणाले, बरं झालं, निम्मं तरी आलं. ती विकून आणि वर्षाचा बोनस ओतून ॲप आणि कार्ड बुजवलं. राहिलं गंठण. पतसंस्थेच्या सचिवांपुढे मामा दीड तास बसले आणि चौदा हप्ते बांधून घेऊन आले. बाहेर येताना त्यांनी तिथल्या कॅलेंडरवर माझ्या चौदा तारखांना खुणाही करून ठेवल्या होत्या, स्वतःच्या पेनाने.

ते चौदा महिने मी कसे काढले, हे सांगून सहानुभूती मिळवायचा माझा विचार नाही. आधी चैन करताना मी कुणाला विचारलं नव्हतं. पण फ्रॉकचा किस्सा सांगायलाच हवा. मुलीचा वाढदिवस आला. मी चिठ्ठी भरली. वस्तू: फ्रॉक. नग: एक. मामा म्हणाले, जुना आण. मी वडगावला निरोप पाठवला. बायकोने काही न विचारता मेहुण्याबरोबर जुना फ्रॉक पाठवून दिला, धुऊन, घडी करून. मामांनी तो खिडकीत उजेडाला धरला, शिवण ओढून बघितली आणि म्हणाले, 'फाटला कुठंय? आखूड झालाय निस्ता. उसवून वाढवता येतोय.' माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, मामा, पोरगी वाढली हे तरी माझ्या उधळपट्टीत धरू नका. तिथे उभे असलेले दोघे-तिघे खाली बघायला लागले. मामांनी चिठ्ठी घेतली, कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं, 'पोरगी वाढली', आणि पैसे दिले. दुसऱ्या दिवशी कळलं की माझ्या दाढी-कटिंगचं खातं त्यांनी तीन महिन्यांसाठी बंद केलंय. वाढदिवसाला मी दाढीचं जंगल घेऊन वडगावला गेलो. मुलगी आधी घाबरली आणि मग फ्रॉक बघून मांडीवर येऊन बसली. बायको आतून बाहेर आली नाही. परतताना एसटीत मी रडलो, हे इथे सांगून टाकतो.

दहा हप्ते गेले. अकराव्याला मेहुण्याचं लग्न निघालं. सासऱ्यांनी कंपनीच्या नंबरवर फोन करून मला बोलावून घेतलं, कारण माझ्या फोनला रिचार्ज नव्हता. म्हणाले, जावईबापू, तुम्ही पहिले जावई, मानाला उभं राहायला पाहिजे. आमच्याकडच्या लग्नात जेवणं उठायला लागली की मांडवात आहेराचं टेबल लागतं. एक जण वहीत लिहितो, दुसरा माइकवरून पुकारतो: अमुक गावच्या अमुक पाहुण्यांकडून इतके रुपये. सगळं गाव जेवता जेवता ऐकत असतं आणि कुणाचं किती हे नंतर वर्षभर विसरत नाही. जावयाने पाच हजार एकपेक्षा खाली उतरणं म्हणजे सासऱ्याच्या फेट्याला हात घालणं. मी पाच हजार एकची चिठ्ठी भरली. कारण: मान.

मामांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, 'मान कुणाचा? तुझ्याकडं गहाण टाकायला आता काय उरलंय?' मी समजावलं, विनवण्या केल्या. बायको परत येण्याचा प्रश्न आहे, मांडवात माझी शोभा झाली तर ती तोंड बघणार नाही, हेही सांगितलं. मामा म्हणाले, तू काळजी करू नको, आहेराचं मी बघतो. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नव्हती: गंठण गहाण आहे हे माहेरी कुणालाच माहीत नाही. चिठ्ठीत त्याला रकाना नव्हता आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

लग्न रविवारचं होतं. प्रार्थना चुकवून मामा केडगावहून परस्पर मांडवात आले, इस्त्रीच्या शर्टात, हातात पाकीट. मला त्यांनी पाकिटाला हात लावू दिला नाही. मी त्यांच्यावर विश्वास टाकून पंगतीत वाढायला गेलो. जिलेबीचं ताट हातात होतं तेव्हा माइक खरखरला. पुकारणारे एक रिटायर्ड गुरुजी होते, खणखणीत आवाजाचे आणि समोर येईल ते शब्दन् शब्द वाचणारे.

'जावईबापू, शिरूर, यांच्याकडून रोख रुपये एकशे एक,' असं म्हणून त्यांनी पाकिटातला दुसरा कागद काढला, चष्मा वर केला आणि वाचलं, 'तसेच सौभाग्यवतींचं गहाण असलेलं गंठण सोडवण्याकामी अकरावा हप्ता, रुपये सहा हजार चारशे फक्त, भरल्याची पावती. तीन हप्ते बाकी.'

'तीन हप्ते बाकी' हे पावतीवर छापलेलं नव्हतं. ते मामांनी खाली आपल्या अक्षरात लिहिलं होतं, माहिती अपुरी राहू नये म्हणून.

माझ्या हातातलं ताट कुणीतरी काढून घेतलं. सासरे स्टेजजवळून चालत आले. फेटा जागच्या जागी होता, चेहरा नव्हता. ते माझ्याकडे आले नाहीत, मामांकडे गेले. त्यांनी विचारलं, पाव्हणं, तुम्ही कोण? मामा म्हणाले, स्टोअरकीपर. सासऱ्यांना त्याचा काय अर्थ लागला देव जाणे. मामा अगदी गंभीरपणे त्यांना समजावून सांगू लागले की या घरच्या लेकीचं सोनं परत येतंय, याहून मोठा आहेर कुठला असतो, आणि त्याची वहीत नोंद झालीच पाहिजे. वहीवाल्याने ती नोंद खरोखरच केली होती. ती वही आजही सासऱ्यांच्या कपाटात आहे.

मी मांडवाच्या मागे, पाण्याच्या टँकरजवळ जाऊन उभा राहिलो. आपलं सगळं संपलं, असं मला वाटत होतं आणि ते वाटणं खोटं नव्हतं. थोड्या वेळाने बायको आली. वर्षभरात पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

'एक वरीस झाकलं मी,' ती म्हणाली. 'तुमच्यासाठी न्हाई. आईला कळलं असतं तर तिनं जेवण सोडलं असतं, म्हणून. तुम्ही आन् तुमच्या मामानं ते माइकवर घातलं. आता हितं राहून कुणाकुणाला उत्तर देऊ? चला, शिरूरला जायाचं.'

माझ्यावरच्या प्रेमाचं माझं उत्तर तिथे टँकरजवळ संपलं. न्हावऱ्यापर्यंत एका पाहुण्यांच्या टेम्पोतून आणि पुढे एसटीने आम्ही आलो, मामाही सोडायला बरोबर होते. मुलगी मांडीवर झोपली होती, बायको खिडकीबाहेर बघत होती आणि मामा पुढच्या सीटवरून वळून मला हलक्या आवाजात सांगत होते की ठरलं होतं चौदाव्या हप्त्याला, आली अकराव्याला, म्हणजे तीन महिने मुदतीच्या आधी. माणसाने किती निगरगट्ट असावं, असं मला वाटलं. नंतर लक्षात आलं की त्यांना खरंच आनंद झाला होता. त्यांच्या लेखी एक आकडा जुळला होता.

पुढचे तीन महिने ती घरात कामापुरतं बोलली. एका रविवारी मामा तपासणीला आले तेव्हा तिने त्यांच्याकडून माझ्या सगळ्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. मामा त्या तारेत ओवून ठेवायचे. दुपारभर ती चटईवर बसून एकेक वाचत होती. टूथब्रश. चप्पलचा अंगठा. वडगावचं एसटीचं तिकीट, महिन्यातून दोनदा. 'पोरगी वाढली' या चिठ्ठीपाशी ती थांबली, अक्षर कुणाचं म्हणून विचारलं आणि थोडंसं हसली. मला वाटलं, झालं, सुटलो. तिने तार परत केली आणि मामांना विचारलं, ह्यात गंठण नेलं त्या दिवसाची चिठ्ठी कुठंय? मामा म्हणाले, ती माझ्याकडं यायच्या आधीची गोष्ट. ती म्हणाली, 'तीच वाचायची होती मला. कारण काय लिहिलं असतं ह्यांनी?' मामांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून पाणी आणायला गेलो.

चौदावा हप्ता भरला त्या दिवशी मामा, बायको आणि मी असे आम्ही तिघं पतसंस्थेत गेलो. कारकुनाने गंठण काट्यावर ठेवलं, वजन आमच्याकडून वाचून घेतलं आणि लाल कागदात गुंडाळून दिलं. मी ते तिच्या गळ्यात घालायला पुढे झालो. मी त्या क्षणाची चौदा महिने मनात तालीम केली होती. तिने हात पुढे केला, पुडी घेतली आणि पिशवीत टाकली. म्हणाली, गळ्यात नको, समोर चला. समोर बँक होती. लॉकरसाठी तिने वडगावहून आल्यापासूनच नंबर लावून ठेवला होता आणि भाडं ब्लाउज शिवून साठवलं होतं. यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. म्हणाल्या, जॉइंट करून टाका ना, मिस्टर आलेतच बरोबर. मी खिशातून पेन काढलं. टोपणही काढलं.

'न्हाई,' बायको म्हणाली. 'माझ्या एकटीच्या नावावर. वारस म्हणून पोरीचं नाव घाला.'

मी मामांकडे पाहिलं. ते भिंतीजवळच्या बाकावर बसले होते. चौदा महिने या माणसाने मी काय खाल्लं, काय घातलं, किती वेळा केस कापले ते पाहिलं होतं. मी सुधारलो याचा त्यांच्याइतका साक्षीदार जगात दुसरा नव्हता. ते माझ्या बाजूने एक शब्द बोलतील, अशी माझी खात्री होती.

मामा म्हणाले, 'पेन खिशात ठेव.'

याला आता तीन वर्षं झाली. माझ्यावर कुणाचा एक पैसा नाही, पगार महिनाअखेरीपर्यंत पुरतो, मुलगी तिसरीत आहे आणि बायको माझ्याशी हसून-खेळून वागते. दिवाळीला ती बँकेत जाऊन गंठण आणते, चार दिवस घालते आणि परत ठेवून येते. त्या लॉकरची किल्ली घरात कुठे असते हे मला माहीत नाही, आणि विचारायची माझी छाती होत नाही.